‘ऑनर्स’ची वाट : पहिल्या सत्रापासून प्रबंधापर्यंत

१८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल लागला आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. ‘सीनिअर रँग्लर’ हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षी हा मान त्यांना आणखी एका विद्यार्थ्यासह विभागून मिळाला होता. पुढे ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्या नावाला असा काही जोडला गेला, की तो किताब आहे की नावाचाच भाग, असा संभ्रम पुढच्या पिढ्यांना पडावा. वस्तुतः केंब्रिजच्या गणितातील ऑनर्स परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्याला रँग्लर म्हणतात आणि त्यांत जो पहिला, तो सीनिअर रँग्लर. म्हणजे ‘ऑनर्स’शी मराठी समाजाचा परिचय शतकाहून अधिक जुना आहे. मात्र हा परिचय दुरून शिखर न्याहाळावे, तसा होता.

आज तोच शब्द घराजवळच्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात येऊन बसला आहे. ‘बी.ए. ऑनर्स’, ‘बी.एस्सी. ऑनर्स विथ रिसर्च’ अशी नावे प्रवेश अर्जावर दिसतात. तीन वर्षांत पदवी मिळते, हे गृहीत धरून वर्षानुवर्षे संसाराचा हिशेब मांडणाऱ्या मध्यमवर्गीय घरात त्यामुळे नवा प्रश्न उभा राहतो : हे चौथे वर्ष करायचे की नाही? त्यात शुल्क आहे, वसतिगृहाचा किंवा लोकलच्या पासाचा खर्च आहे आणि कमावण्याचे एक वर्ष पुढे ढकलणे आहे. निर्णय बहुधा तिसऱ्या वर्षाचा निकाल हाती आल्यावर घाईघाईने घेतला जातो. खरे तर तोपर्यंत त्याची बरीचशी बाजू ठरून गेलेली असते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

शब्दामागचा इतिहास

ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८०० साली आपल्या परीक्षांचे नियम नव्याने घडवले आणि सर्वसाधारण परीक्षेहून वरच्या दर्जाची, स्वेच्छेने द्यावयाची ऑनर्स परीक्षा सुरू केली. ज्याला केवळ पदवी हवी, त्याच्यासाठी ‘पास’चा मार्ग होता, ज्याला विषयात खोल उतरायचे, त्याच्यासाठी ऑनर्सचा. ब्रिटिश अमदानीत स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठांनी ही कल्पना आपापल्या परीने स्वीकारली. कोलकाता आणि दिल्ली येथे ‘ऑनर्स’ हे नाव रुजले. महाराष्ट्रात मात्र ते फारसे वापरात राहिले नाही. पुण्यात ‘स्पेशल’ विषय होता, मुंबईत शेवटच्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर देणारा विद्यार्थी होता. ‘मी मराठी स्पेशल घेऊन बी.ए. केले’, असे सांगणारी पिढी आजही आपल्या आसपास आहे. तिच्या त्या ‘स्पेशल’मध्ये ऑनर्सचे बीज होते.

अमेरिकेतील ‘ऑनर्स प्रोग्रॅम’ची घडण थोडी निराळी आहे. पेन्सिल्वेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात १९२२ साली अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी असा कार्यक्रम सुरू केला. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. वर्गातील सर्वांना एकाच चालीने चालवले, तर ज्याची झेप मोठी त्याचा वेग मारला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून निवडक विद्यार्थ्यांना शेवटची दोन वर्षे छोट्या चर्चासत्रांत, स्वतः वाचून आणि लिहून शिकण्याची मुभा दिली गेली. या विद्यार्थ्यांची अंतिम लेखी व तोंडी परीक्षा मात्र बाहेरच्या विद्यापीठांतील तज्ज्ञ घेत. ज्यांनी शिकवले त्यांनीच गुण द्यायचे नाहीत, हा दंडक तिथे आजतागायत टिकला आहे.

या सर्व परंपरांतून ऑनर्सची तीन लक्षणे निघतात : एका विषयाची खोली, स्वतः केलेले काम आणि त्या कामाची त्रयस्थ तपासणी. कोणत्याही महाविद्यालयाचा ऑनर्स अभ्यासक्रम पाहताना ही तीन लक्षणे त्यात आहेत का, हे तपासावे. ती नसतील, तर गुणपत्रिकेवरचा शब्द तेवढा नवा आहे, असे समजावे.

नवी चौकट

जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची शिफारस केली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिची अभ्यासक्रम व श्रेयांक चौकट प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. त्या हिशेबाने पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष स्वायत्त महाविद्यालयांत २०२६-२७ मध्ये, तर संलग्न महाविद्यालयांत २०२७-२८ मध्ये येते.

या चौकटीचे चलन म्हणजे श्रेयांक, अर्थात क्रेडिट. तासिकेच्या विषयात एका सत्रातील १५ तासांस एक श्रेयांक, प्रात्यक्षिकात ३० तासांस एक श्रेयांक, असे त्याचे माप आहे. आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. महाराष्ट्रात प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांक असल्याने हे आकडे अनुक्रमे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम अधिक करावा लागतो. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते.

येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. दिल्लीसारख्या विद्यापीठात पूर्वी तीन वर्षांच्या पदवीलाच ‘ऑनर्स’ म्हणत. नव्या चौकटीत ऑनर्स म्हणजे चार वर्षे. त्यामुळे जुन्या बी.ए. ऑनर्सची आणि नव्या बी.ए. ऑनर्सची तुलना केवळ नावावरून करू नये.

दोन शाखा, दोन स्वभाव

चौथ्या वर्षात दोन फाटे फुटतात. पहिला नुसता ‘ऑनर्स’. यात विद्यार्थी आपल्या मुख्य विषयाचे प्रगत अभ्यासक्रम पूर्ण करतो. दुसरा ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे संशोधनासह ऑनर्स. यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध करावा लागतो. आयोगाच्या चौकटीत ज्यांना संशोधन करायचे नाही, त्यांच्यासाठी या १२ श्रेयांकांच्या बदल्यात तीन अभ्यासक्रम आहेत. दोन्ही शाखांत मुख्य विषयाचे किमान ८० श्रेयांक आणि गौण विषयाचे ३२ श्रेयांक चार वर्षांत मिळून जमा व्हावे लागतात.

दुसरी शाखा पहिलीहून श्रेष्ठ, असा समज पालकांत पसरू लागला आहे. तो योग्य नव्हे. ज्याला एका प्रश्नामागे वर्षभर लागण्याची आवड आहे, त्याला संशोधनाची शाखा मानवते. ज्याला विषय अधिक जाणून घेऊन व्यवसायाकडे वळायचे आहे, त्याला प्रगत अभ्यासक्रमांची शाखा अधिक देते. सांख्यिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षी चार प्रगत पद्धती नीट शिकून बाहेर पडला, तर त्याने अर्धामुर्धा प्रकल्प सादर करण्यापेक्षा अधिक कमावले, असेच म्हणावे लागेल.

पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब

संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून किमान ७५ टक्के गुण लागतात. नुसत्या ऑनर्ससाठी आयोगाच्या चौकटीत अशी गुणांची अट नाही. तरी विद्यापीठे आपापले नियम करू शकतात, म्हणून ते पाहून घ्यावेत.

‘पहिल्या सहा सत्रांत मिळून’ या शब्दांत सारी मेख आहे. महाविद्यालयाचे पहिले वर्ष म्हणजे बारावीच्या धकाधकीनंतरचा विसावा, अशी आपली जुनी समजूत आहे. पूर्वी ती फारशी महागात पडत नसे, कारण पदवीचा वर्ग बहुधा शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरे. आता तसे राहिलेले नाही. समजा, सर्व सत्रांचा भार सारखा आहे आणि एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन सत्रांत सरासरी ६२ टक्के मिळाले. मग ७५ ची सरासरी गाठण्यासाठी उरलेल्या चारही सत्रांत त्याला ८१.५ टक्के मिळवावे लागतील. पहिल्या वर्षी ७० टक्के मिळवणाऱ्याला मात्र पुढे ७७.५ टक्के पुरतात. आठ टक्क्यांच्या आळसाची परतफेड पुढची दोन वर्षे चार टक्क्यांनी करावी लागते, असा हा व्यवहार आहे. ज्या विद्यापीठांत टक्क्यांऐवजी श्रेणीगुण दिले जातात, तेथे रूपांतराचे सूत्र पहिल्याच सत्रात माहीत करून घ्यावे.

दुसरे पथ्य श्रेयांक खात्याचे. २०२१ पासून ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था सुरू आहे. बँकेच्या पासबुकात रक्कम जमा व्हावी, तसे विद्यार्थ्याचे श्रेयांक या खात्यात जमा होतात. नावातील स्पेलिंगची चूक, जन्मतारखेतील फरक, राहून गेलेल्या विषयाचे न नोंदलेले गुण, अशा बारीक गोष्टी चौथ्या वर्षाच्या प्रवेशावेळी डोंगराएवढ्या होतात. प्रत्येक सत्राच्या निकालानंतर खाते उघडून जमा तपासण्याची सवय लावली, तर ऐनवेळी कार्यालयाच्या खिडकीशी रांग लावावी लागत नाही.

तिसरी गोष्ट मुख्य आणि गौण विषयांच्या निवडीची. गौण विषय ‘सोपा’ म्हणून घेण्याचा मोह असतो. पण अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र, इतिहासासोबत एखादी भाषा, वनस्पतिशास्त्रासोबत रसायनशास्त्र अशी जोडी चौथ्या वर्षी उपयोगी पडते. प्रकल्पाचे विषय बहुधा दोन विद्यांच्या सीमेवरच सापडतात. मोडी लिपी वाचता येणारा इतिहासाचा विद्यार्थी पदवीच्याच पातळीवर मूळ कागदपत्रे हाताळू शकतो. न येणाऱ्याला दुसऱ्याने छापलेल्यावर विसंबावे लागते.

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

संशोधनासह ऑनर्स हा प्रत्येक महाविद्यालयात मिळेलच असे नाही. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी अध्यापक हवेत. शिवाय ग्रंथालय, नियतकालिके, संगणक आणि प्रयोगशाळा यांची सोय हवी. महाराष्ट्रात अनेक विभागांचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतो, हे उघड आहे. तेव्हा बारावीनंतर महाविद्यालय निवडतानाच हे विचारून घ्यावे : आमच्या विषयात चौथे वर्ष येथे आहे का? दोन्ही शाखा आहेत, की एकच? संशोधनाच्या जागा किती? मार्गदर्शक कायम आहेत का आणि त्यांच्यापैकी कोणी लवकरच निवृत्त होणार आहेत का?

नियतकालिकांचा प्रश्न साधा वाटतो, पण तो निर्णायक ठरतो. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३ हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांना उपलब्ध झाली आहेत. आपले महाविद्यालय या योजनेत मोडते का, हे ग्रंथपालांना विचारावे. मोडत नसेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसण्याची परवानगी मिळते का, हे पाहावे. देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात, ही सोय तर खेड्यातील विद्यार्थ्यालाही खुली आहे.

तिसऱ्या वर्षानंतर दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन चौथे वर्ष करण्याची वाट श्रेयांक खात्यामुळे तत्त्वतः मोकळी झाली आहे. प्रत्यक्षात ती तेथील रिकाम्या जागांवर आणि विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून राहणार. केवळ त्या भरवशावर बसू नये.

वर्षांचे गणित

चौथे वर्ष वाया जाते की वाचते, याचे उत्तर पुढे काय करायचे यावर अवलंबून आहे. ज्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच आहे, त्याला तीन अधिक दोन आणि चार अधिक एक, दोन्ही मार्गांनी पाचच वर्षे लागतात. ऑनर्स पूर्ण केलेल्यासाठी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद आयोगाने केली आहे. असा एक वर्षाचा अभ्यासक्रम आपल्या विषयात, आपल्याला परवडेल अशा ठिकाणी सुरू आहे का, एवढे मात्र आधी पाहिले पाहिजे.

संशोधनाकडे जाणाऱ्याचा लाभ अधिक ठोस आहे. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्क्यांची सवलत देता येते. जून २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना ‘नेट’ परीक्षेलाही बसता येऊ लागले आहे. येथे एक सावधगिरी हवी. चार वर्षांच्या पदवीवर ‘नेट’ दिल्याने पीएच.डी.चे दार उघडते, सहायक प्राध्यापकपदाचे नव्हे. ज्याला महाविद्यालयात शिकवायचे आहे आणि त्यासाठी ‘नेट’ हाच मार्ग धरायचा आहे, त्याला पदव्युत्तर पदवीवाचून गत्यंतर नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेचा विचार वेगळा करावा लागतो. तेथील पदवी चार वर्षांची असल्याने अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवतात. आपल्याकडील तीन वर्षांचे बी.ए., बी.कॉम. केलेल्यांची तेथे नेहमी अडचण होत आली आहे. चार वर्षांची पदवी ती अडचण दूर करते. ब्रिटनमध्ये आणि युरोपातील अनेक देशांत मात्र तीन वर्षांचीच पदवी रूढ आहे. केवळ तेथे जायचे म्हणून चौथे वर्ष करण्याची निकड नाही.

स्पर्धा परीक्षा, बँका आणि बहुतेक सर्वसाधारण नोकऱ्यांसाठी ‘पदवीधर’ एवढीच अट असते. त्या वाटेने जाणाऱ्याला तिसऱ्या वर्षानंतर थांबण्यात काही कमीपणा नाही. घरची परिस्थिती ज्याला लवकर कमावायला सांगते, त्यालाही नाही. त्याला काही काळानंतर परत येण्याची तरतूद या रचनेत आहे, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

विषय, मार्गदर्शक आणि वेळापत्रक

प्रवेश मिळवणे हा झाला अर्धा भाग. ऑनर्स पूर्ण करणे ही निराळी विद्या आहे, आणि आपल्या शिक्षणपद्धतीत ती फारशी शिकवली जात नाही. बालवाडीपासून पदवीपर्यंत विद्यार्थ्याला प्रश्न दुसरा कोणीतरी देतो आणि तीन तासांत उत्तर मागतो. येथे प्रथमच प्रश्न स्वतः शोधायचा असतो आणि उत्तरासाठी हाती सगळे वर्ष असते. हुशार विद्यार्थी अडखळतात ते इथेच.

पहिली चूक विषय अवाढव्य निवडण्याची. ‘मराठी बालसाहित्य : एक अभ्यास’ हा विषय वर्षात पुरा होणारा नाही, आयुष्यातही होईलच असे नाही. तोच विषय ‘१९७१ साली सुरू झालेल्या किशोर मासिकाच्या पहिल्या पाच वर्षांतील विज्ञानविषयक लेखन’ असा बांधून घेतला, की वाचायचे काय आणि मोजायचे काय हे स्पष्ट होते. ‘मुळा-मुठेचे प्रदूषण’ या विषयाखाली काहीही येऊ शकते. ‘नदीवरील तीन ठिकाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण’ हा विषय एका विद्यार्थ्याच्या, एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातला आहे. विषय चांगला बांधला गेला आहे का, याची एक सोपी कसोटी आहे. तो घरातील आजीला दोन वाक्यांत सांगावा. आजीने ‘मग उत्तर कसं शोधणार?’ असे विचारले आणि आपल्याला ते सांगता आले, तर विषय ठरला.

दुसरी बाब मार्गदर्शकाची. प्रसिद्ध प्राध्यापकापेक्षा वेळ देणारा प्राध्यापक बरा. तिसऱ्या वर्षाच्या पाचव्या सत्रातच दोन-तीन अध्यापकांशी बोलावे, त्यांनी मार्गदर्शन केलेले आधीचे प्रकल्प पाहावेत. दर पंधरवड्यास एक भेट ठरवून, त्या भेटीत बोलणे कागदावर उतरवून ठेवावे. ‘सर, सगळं झालं की दाखवतो’, असे म्हणणारा विद्यार्थी बहुधा मार्च महिन्यात संकटात सापडतो.

तिसरी बाब वेळेची. प्रात्यक्षिकाच्या मापाने एका श्रेयांकास ३० तास धरले, तर १२ श्रेयांक म्हणजे ३६० तास. १५ आठवड्यांची दोन सत्रे धरली, तर दर आठवड्याला १२ तास. आकडा लहान दिसतो. पण इतर अभ्यासक्रम, सण, परीक्षा आणि घरातले लग्नकार्य यांतून हे १२ तास दर आठवड्याला काढणे म्हणजे कसोटीच. म्हणून सातवे सत्र संपण्यापूर्वी वाचन आणि माहितीसंकलन आटोपावे. आठवे सत्र विश्लेषण, लेखन आणि दुरुस्तीसाठी राखावे. लेखनाला नेहमीच अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागतो. दिवाळीच्या सुट्टीत पहिले प्रकरण, मग ते कितीही कच्चे असो, लिहून मोकळे झालेला विद्यार्थी सहसा मागे पडत नाही.

चौथी बाब प्रामाणिकपणाची. वाङ्मयचौर्याविरुद्ध आयोगाची नियमावली २०१८ पासून लागू आहे आणि साम्य शोधणारी संगणक प्रणाली आता पुष्कळ संस्थांत आहे. मजकूर तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यापासून मोह अधिकच वाढला आहे. पण प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ‘हा निष्कर्ष तुम्ही कशावरून काढलात?’ हा एकच प्रश्न उसने पांडित्य उघडे पाडायला पुरतो. ज्याने स्वतः दीडशे प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्याला त्यांतली प्रत्येक अडचण आठवते. ज्याने त्या घरी बसून भरल्या, त्याला काहीच आठवत नाही.

अभियांत्रिकीतले ऑनर्स वेगळे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘ऑनर्स’ हाच शब्द भेटतो, पण त्याचा अर्थ निराळा आहे. तेथील पदवी मुळातच चार वर्षांची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेनुसार नियमित पदवीच्या जोडीला १८ ते २० जादा श्रेयांक मिळवणाऱ्याला ‘ऑनर्स’ किंवा ‘मायनर’ अशी जोड मिळते. सर्वसाधारणपणे आपल्याच शाखेतील प्रगत विषय घेतले तर ऑनर्स, दुसऱ्या शाखेतील घेतले तर मायनर. येथे जादा वर्ष लागत नाही, जादा भार मात्र येतो. हा भार बहुधा तिसऱ्या वर्षापासून, म्हणजे प्रकल्प, उमेदवारी आणि नोकरीच्या मुलाखती यांच्या ऐन गर्दीत पडतो. मूळ विषयांतील गुण घसरणार असतील, तर ही जोड घेऊन फायदा नाही.

शंका रास्तच

दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांची पदवी सुरू केली आणि जून २०१४ मध्ये, विद्यार्थी-अध्यापकांच्या तीव्र विरोधानंतर आणि आयोगाच्या आदेशानंतर, ती मागे घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये ती नव्या रूपात परतली आणि २०२५-२६ मध्ये तेथील पहिली तुकडी चौथ्या वर्षात गेली. या इतिहासातून एवढे शिकता येते, की चौथे वर्ष केवळ कागदावर वाढवून भागत नाही. त्यासाठी वर्गखोल्या लागतात, प्रयोगशाळा लागतात आणि सर्वांत आधी माणसे लागतात. रिक्त पदे तशीच ठेवून संशोधनाची अपेक्षा करणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटेला नवे चाक बसवण्यासारखे आहे. हा प्रश्न विद्यार्थ्यांनी सोडवायचा नाही. पण पालकांनी तो प्राचार्यांना आणि विद्यापीठाला विचारत राहायला हवे.

दुसरी शंका समतेची आहे. चौथे वर्ष ज्याला परवडते त्याचे, असे झाले, तर एकाच वर्गातून निघालेल्या दोघांच्या पदव्यांत केवळ ऐपतीमुळे अंतर पडेल. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत आपल्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षालाही लागू आहे का, हे प्रवेशापूर्वी समाजकल्याण विभागाच्या आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. तोंडी आश्वासनावर वर्षाचा निर्णय घेऊ नये.

शेवटी पुन्हा रँग्लरांकडे वळू. केंब्रिजने १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवारी जाहीर करणे बंद केले. पहिला कोण, दुसरा कोण, या चढाओढीने अभ्यासाचे नुकसान होते, असे तेथील धुरीणांचे मत झाले होते. क्रमांक गेले, परीक्षा राहिली. परांजपे यांनी तर त्याआधीच आपला मार्ग धरला होता. केंब्रिजचा सर्वोच्च बहुमान घेऊन ते पुण्यास परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात विद्यार्थ्यांना गणित शिकवू लागले. ज्ञान पचवलेल्या माणसाला मानाचे ओझे होत नाही, असेच त्यातून दिसते.

आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या पदवीपुढे ‘ऑनर्स’ हा शब्द लागावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो शब्द काही वर्षांनी गुणपत्रिकेच्या फाइलीत जाऊन बसतो. एक प्रश्न स्वतः शोधून, त्याच्यामागे वर्षभर लागून, चुकत-सुधारत एका उत्तरापर्यंत पोचल्याचा अनुभव मात्र पुढे बँकेत, वर्तमानपत्रात, शाळेत किंवा शेतात, कोठेही सोबत राहतो. तो अनुभव हवा असेल, तर चौथे वर्ष अवश्य करावे. आणि करायचे ठरलेच, तर त्याची तयारी पहिल्या सत्राच्या पहिल्या तासिकेपासून करावी.